नव्वद दिवसांचा पाहुणचार

‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई,’ असं आपल्याकडे म्हणतात. त्या मानानं युरोपातली मंडळी पुष्कळच उदार. ती पाहुण्याला नव्वद दिवस ठेवून घेतात आणि अक्कल काढतात ती एक्याण्णवाव्या दिवशी. मात्र हा एक्याण्णवावा दिवस कोणता, हे ज्याचं त्यानं ओळखायचं असतं. आणि मराठीच्या प्राध्यापकाचं गणित काय योग्यतेचं असतं, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

त्याचं असं झालं. माझी धाकटी बहीण जर्मनीत ट्रिअरला असते. मोझेल नदीकाठचं हे गाव रोमनांनी वसवलेलं. त्यांनी बांधलेली काळीकभिन्न वेस, पोर्टा निग्रा, अठराशे वर्षं होऊन गेली तरी भर वस्तीत उभी आहे. कार्ल मार्क्सचा जन्मही इथलाच, १८१८ सालचा. पण २०२५ साली आम्हांला या दोहोंपेक्षा तिसरीच गोष्ट महत्त्वाची होती. धाकटीला दिवस गेले होते.

मार्चच्या तोंडावर तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पडून राहायला सांगितलं, आणि इकडे आईला अन्न गोड लागेना. आई बहात्तर वर्षांची. तिला एकटीला धाडायला माझं मन घेईना. परीक्षांची कामं सहकाऱ्यांच्या गळ्यात घालून मी तिला घेऊन गेलो. १ मार्चला उतरलो, धाकटीची प्रकृती सावरली, २० मार्चला परतलो. मग १० जूनला पुन्हा गेलो, तो बाळंतपणासाठी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख होती. परतीचं तिकीट ६ सप्टेंबरचं. १० जून ते ६ सप्टेंबर हे मोजून ८९ दिवस होतात. वर एक दिवस हाताशी राखला, म्हणून मी स्वतःवर खूष होतो.

खूष असायला आणखीही कारण होतं. शेंगेनचा व्हिसा मिळवायचा म्हणजे बँकेचे उतारे, प्राप्तिकराचे कागद, रजेचा दाखला, मेहुण्यांचं हमीपत्र, निदान तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा आणि नव्वद युरो फी. शिवाय बोटांचे ठसे. बत्तीस वर्षं खडू धरलेली आईची बोटं यंत्राला चटकन उमजेनात, तेव्हा ती मला म्हणाली, “आयुष्यभर मुलांना वळण लावलं, आता माझंच वळण याला वाचता येईना!” पण याआधी दोनदा पंधरा-पंधरा दिवसांसाठी जाऊन आम्ही वेळेवर परतलो होतो. अशा भारतीयांना दोन वर्षांचा व्हिसा देण्याची सवलत एप्रिल २०२४ मध्ये लागू झाली होती. ती आमच्या पथ्यावर पडली. पासपोर्टावर दोन वर्षांचा, हव्या तितक्या फेऱ्यांचा व्हिसा चिकटून आला.

इथंच माझी फसगत झाली. त्या चिठ्ठीवर दोन तारखा असतात, अमुकपासून तमुकपर्यंत. आपण त्या वाचून हरखून जातो. पण त्या दारात पाऊल टाकण्याच्या मुदतीच्या तारखा. घरात किती दिवस राहायचं, तो आकडा वेगळाच छापलेला असतो, आणि तो असतो नव्वद.

जुलैच्या मध्याला मेहुण्यांनी सहज म्हणून आमच्या तारखा संगणकावर घातल्या. युरोपीय आयोगानं या हिशेबासाठी एक गणनयंत्रच तिथं ठेवलं आहे. मेहुणे एकदम गप्प झाले. “दादा, तुम्हांला ६ सप्टेंबरपर्यंत राहता येत नाही. १८ ऑगस्ट हा शेवटचा दिवस.”

नियम मुळात सोपा आहे. अवघड आहे ती मोजण्याची दिशा. आपण आलेल्या दिवसापासून पुढं मोजतो. शेंगेनचा कायदा आजच्या दिवसापासून मागं मोजतो. आज धरून मागचे १८० दिवस घ्यायचे, आणि त्यांत आपण त्यांच्या मुलखात किती दिवस होतो ते पाहायचं. ते नव्वदाच्या वर जाता कामा नयेत. उद्या पुन्हा नव्यानं मागं वळून पाहायचं. आल्याचा दिवस पुरता धरतात आणि गेल्याचाही. १० जूनला आमचं विमान संध्याकाळी टेकलं, तरी कायद्याच्या वहीत आम्ही सकाळपासून हजर. अशा रीतीनं मार्चमधले वीस दिवस आमच्या खात्यावर अजून उभे होते. उरलेले सत्तर १८ ऑगस्टला संपत होते.

याहून चुटपुट लावणारी गोष्ट मला रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर कळली. १ मार्चचा दिवस २८ ऑगस्टला १८० दिवसांच्या बाहेर पडणार होता, दुसऱ्या दिवशी २ मार्चचा, असा रोज एकेक. म्हणजे जूनमध्ये आम्ही नऊच दिवस उशिरा आलो असतो, तर जुने दिवस एकामागून एक गळत गेले असते आणि सलग १६ सप्टेंबरपर्यंत राहता आलं असतं! लेकीच्या ओढीनं लवकर आलो, आणि त्या ओढीनंच आमचे चार आठवडे खाल्ले.

आई काही बोलली नाही. तिनं सोबत आणलेली दिनदर्शिका भिंतीवरून उतरवली आणि १८ ऑगस्टभोवती पेन्सिलीनं चौकट काढली.

ज्या गावाच्या नावानं हा फास लागला ते गाव ट्रिअरहून जवळच आहे, म्हणून २७ जुलैच्या रविवारी मी तिला तिकडे घेऊन गेलो. मेहुणे धाकटीपाशी थांबले. नदीच्या अलीकडे पर्ल हे जर्मन खेडं, पूल ओलांडला की लक्झेम्बर्गमधलं शेंगेन, आणि नदीच्या वरच्या अंगाला लगेच फ्रान्स. उतारावर द्राक्षांचे मळे, एक जुनी गढी, काठावर चार खानावळी. एवढंसं गाव, आपल्याकडे इथं एसटीसुद्धा विनंतीनंच थांबली असती. १४ जून १९८५ रोजी इथल्या नदीत ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ नावाच्या बोटीवर पाच देशांनी आपसांतली तपासणीनाकी उठवायचं ठरवलं. बोटच का, तर इथं मोझेल नदी जर्मनी आणि लक्झेम्बर्ग यांच्या सामाईक मालकीची, आणि फ्रान्सही शेजारीच. २६ मार्च १९९५ पासून करार खरोखर अमलात आला. पाचांचे आज एकोणतीस झाले आहेत; बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ ला पुरते आत आले. आयर्लंड आणि सायप्रस मात्र अजून बाहेरच आहेत. ती बोट डागडुजी करून आता काठाला आणून ठेवली आहे.

पुलाच्या मध्यावर आई थांबली. बटव्यात पासपोर्ट होता. तो तिनं दोनदा चाचपून पाहिला. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं आपल्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली होती, म्हणून मीही तयारीत होतो. पण त्या दिवशी आम्हांला कोणी विचारलं नाही. सायकलवरची पोरं एका देशातून दुसऱ्या देशात आइस्क्रीम खायला चालली होती.

“मग सीमा कुठे आहे रे?” आईनं विचारलं.

मी खाली नदीकडे बोट दाखवलं खरं, पण ते उत्तर खोटं होतं. ती पोरं तिथं जन्मली, त्यांची सीमा १९९५ सालीच पुसली गेली. आमची सीमा आईच्या दिनदर्शिकेत, पेन्सिलीच्या चौकटीत होती.

परतल्यावर वाटा शोधणं सुरू झालं. ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलं, “पाच-सहा दिवसांनी काय होतं? कोण बघतं?” दुसरे म्हणाले, “एका दिवसासाठी बाहेर जाऊन या, की नव्वद नव्यानं सुरू.” ही समजूत फार पसरलेली आहे, आणि साफ चुकीची आहे. बाहेर गेल्यानं घड्याळ थांबतं. काटे शून्यावर जात नाहीत. मेहुण्यांनी परदेशी लोकांच्या कचेरीत मुदतवाढीची चौकशी केली. ती मिळते, पण आजारपण, संकट किंवा तसंच गंभीर घरगुती कारण असेल तर, आणि मुदत संपण्याआधी अर्ज केला तर. तिथल्या बाई सौजन्यानं म्हणाल्या, “बाळ-बाळंतीण सुखरूप असतील, तर ती अडचण कशी? तो आनंद झाला.” यावर काय बोलणार! नव्वद दिवसांहून अधिक राहायचं तर निराळा, त्या देशाचा स्वतःचा व्हिसा लागतो. तो शिक्षणासाठी मिळतो, नोकरीसाठी मिळतो, नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जायला मिळतो. आजीपण त्या यादीत सहजी बसत नाही.

एक वाट मात्र कायदेशीर होती आणि ती मी स्वतः शोधली होती. १८ ऑगस्टला शेंगेनच्या बाहेर पडायचं, मधले नऊ दिवस सर्बियात काढायचे, कारण शेंगेनचा चालू व्हिसा असला की तिथं वेगळा लागत नाही, आणि २८ तारखेला परत यायचं. त्या दिवसापासून मार्चचा एकेक दिवस गळतो, म्हणजे पुढचे वीस दिवस मिळतात. मी ही योजना शोधनिबंध वाचावा अशा थाटात मांडली.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. “आणि ते नऊ दिवस मी तिथं काय करू? ओल्या बाळंतिणीला सोडून खिडकीशी बसून राहू? त्यापेक्षा घरी जाईन.” मग जरा वेळानं म्हणाली, “आणि ते ‘कोण बघतं’ म्हणणाऱ्यांचं तर नावच काढू नकोस. बत्तीस वर्षं हजेरीपट लिहिला. एका खाडाखोडीची सही केली नाही.”

१२ ऑगस्टला, मंगळवारी, मुलगी झाली. अंगारकी होती, आईला त्याचंच अप्रूप. तीन दिवसांनी दोघी घरी आल्या. आईनं डिंकाचे आणि अळिवाचे लाडू डबे भरभरून करून ठेवले. बाळाला धुरी द्यायला गेली, तर छतावरचा धुराचा भोंगा असा कोकलला की खालच्या मजल्यावरच्या आजीबाई धावत आल्या. बाळ पाहून त्याच रडायला लागल्या. पाचव्या दिवशी आईनं पाचवी पुजली. सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. “हिला तेवढं कोणी दारात अडवत नाही,” असं म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिचा आवाज कापरा झाला.

बारसं रविवारी, २४ तारखेला होतं. आम्ही सोमवारी, १८ ला निघालो. धाकटी दारापर्यंत आली, तेव्हा तिच्या हातात बाळ होतं आणि आईच्या हातात पासपोर्ट. फ्रँकफर्टच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं पानं उलटली, शिक्के पाहिले, मनाशी मोजलं आणि किंचित हसून म्हणाला, “अगदी नव्वद.” शिक्का उठला. आईनं त्याला नमस्कार केला. बारसं आम्ही पुण्याला फोनच्या पडद्यावर पाहिलं. पाळण्यापेक्षा पाहुण्यांच्या पाठीच अधिक दिसल्या.

मला वाटलं, प्रकरण संपलं. पण सप्टेंबरच्या अखेरीस आईनं मला जवळ बोलावलं. तिच्यापुढे तीच दिनदर्शिका होती आणि तिच्या बारीक अक्षरांत आकडेच आकडे. “हे बघ. मार्चचे वीस दिवस आता पुरते बाहेर पडलेत. म्हणजे माझे वीस शिल्लक आहेत. ११ ऑक्टोबरला गेले तर ३० पर्यंत राहता येईल. वसुबारस ते भाऊबीज सगळं आत बसतं.”

मी हिशेब तीनदा ताडून पाहिला. एका दिवसाचीही चूक नव्हती.

“मला रजा नाही गं,” मी म्हटलं.

“तू कशाला? मोजता येतं मला.”

आणि ती एकटी गेली. ती उतरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ ऑक्टोबर २०२५ ला, तिकडे शिक्क्यांऐवजी चेहरा आणि ठसे टिपणारी नवी यंत्रणा टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. आता दिवस यंत्रच मोजतं. पाहुण्याला विसरायची सोय राहिली नाही. आईला त्याची फिकीर नव्हती. नातीला तिनं पहिल्या दिवाळीचं अभ्यंग घातलं, दारात पणत्या लावल्या, आणि ३० तारखेला, विसाव्या दिवशी, ती परत निघाली.

घरी आल्यावर चहा घेता घेता ती म्हणाली, “गेलेले दिवस परत येत नाहीत, असं मी जन्मभर मुलांना शिकवलं. हा एकच हिशेब असा पाहिला, ज्यात ते येतात. फक्त तोवर दूर राहावं लागतं.”

दुसऱ्या दिवशी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. डिसेंबरचं पान उघडलं होतं. ७ तारखेपासून रोज एकेक बारीक ठिपका. जूनचे दिवस त्या तारखेपासून परत यायला लागत होते.