दोष मोडेमचा नव्हता!
गेल्या दिवाळीत माळा आवरताना बाबांचा ४८६ पीसी आणि ५६के मोडेम सापडला. आमच्या घरात या जोडीचं नाव काढायचं नाही, असा अलिखित नियम!

१९९९ मध्ये बाबांनी हौसेने हा मोडेम आणून सीरियल पोर्टला जोडला. कनेक्शन लागायचं, पण दुबईच्या आत्याची मेल अर्ध्यातच अडकायची. फोनचं बिल मात्र पळायचं. मोडेम विकणारा बाबांचा शाळासोबती. ‘खराब माल गळ्यात मारलास’ म्हणत बाबांनी बोलणंच तोडलं.

दोन दिवस खटपट करून मी पीसी सुरू केला. डॉसमध्ये एमएसडी चालवलं. सीरियल पोर्टची चिप : ८२५०. ओह! म्हणजे सगळा घोळ इथे होता तर!

पोर्टचा वेग ठेवला होता सेकंदाला १,१५,२०० बिट्स. म्हणजे साधारण दर ८७ मायक्रोसेकंदांना एक बाइट. ही चिप आलेला एकच बाइट सांभाळते. प्रोसेसर हार्ड डिस्कमध्ये गुंतला की पुढचा बाइट येऊन आधीचा पुसतो. १६५५०ए चिपमध्ये १६ बाइट्स रांगेत थांबतात. तेवढं एक कार्ड बसवलं असतं किंवा पोर्टचा वेग उतरवला असता, तरी भागलं असतं.

बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग चष्मा शोधत म्हणाले, ‘‘जुनी फोनची डायरी कुठंय गं?’’