अल्कोहोलची सुई

यकृताच्या कर्करोगात सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत गाठीत शुद्ध अल्कोहोल सोडायची पद्धत १९८०च्या दशकात जपानमध्ये रुळली. आज ती जुनाट म्हणून बाजूला पडते आहे. सातारा-सांगलीत तरी तिला इतक्या लवकर निरोप देऊ नये, असं माझं मत आहे. ती स्वस्त आहे हे खरं, पण मुख्य कारण आजाराच्या घडणीत आहे. यकृतातच सुरू होणारा हा कर्करोग बहुधा सिरोसिसने चिवट झालेल्या यकृतात होतो. गाठ मऊ आणि भोवताल घट्ट असल्याने अल्कोहोल गाठीतच कोंडून राहतं, पेशींतलं पाणी ओढून घेतं, प्रथिनं गोठवतं, बारीक रक्तवाहिन्या बंद पाडतं. आतड्यातून यकृतात पसरलेली गाठ मात्र टणक असते आणि भोवतालचं यकृत मऊ. तिथे औषध बाहेर झिरपतं. (दारूने यकृत कडक झालेल्या माणसाला अल्कोहोलच औषध म्हणून टोचायचं, ही गंमत त्याला ऐकवण्याजोगी नसते.)

कसब आहे ते घाई न करण्यात. अल्कोहोल शिरलं की पडद्यावर तो भाग पांढरा होतो आणि त्यामागचं दिसेनासं होतं, म्हणून सुरुवात गाठीच्या सर्वांत खोल बाजूपासून करायची. पांढरी रेघ शिरेत किंवा पित्तनलिकेत धावताना दिसली की तिथेच थांबायचं. सुईही लगेच उपसायची नाही. औषध मागे ओघळून पोटाच्या अस्तराला लागलं तर रुग्ण कळवळतो.

रेडिओलहरींच्या उष्णतेने गाठ जाळणं याहून सरस नाही का? आहे. २००३ ते २००५ या काळात इटली, तैवान आणि जपानमध्ये झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत, उष्णता दिल्यावर गाठ त्याच जागी पुन्हा वाढण्याचं प्रमाण कमी आढळलं. अल्कोहोल गाठीतले पडदे ओलांडत नाही, कडेला जिवंत पेशी उरतात. शिवाय ते अनेक बैठकांत द्यावं लागतं, आणि जतहून मिरजेला प्रत्येक खेप म्हणजे रुग्णाचा आणि सोबत्याचा बुडालेला रोजगार. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. म्हणून उष्णतेची सोय हाताशी असेल तिथे तीच आधी. पण गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर दोन्हींतला फरक आटतो. पित्ताशय किंवा आतडं चिकटून असेल तर उष्णता धोक्याची ठरते. मोठ्या रक्तवाहिनीजवळ वाहतं रक्तच ती पळवून नेतं. अशा जागी सुई उपयोगी पडते.

तरीही पोटात पाणी आणि डोळ्यांत कावीळ घेऊन रुग्ण आला, तर दोन्ही उपाय बहुधा हातचे गेलेले असतात. सिरोसिसच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली तरच तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ सापडते. यंत्रं तालुक्याच्या गावांतही आहेत. १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे आणि २०१७च्या म्हैसाळमधल्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर आपण त्यांच्याकडे फक्त गरोदर बाईच्या संदर्भातच पाहतो, पण तोच प्रोब बरगडीखाली तिरका धरला की यकृत दिसतं. विटा किंवा वडूजच्या रिपोर्टात नुसतं ‘लिव्हरमध्ये गाठ’ न लिहिता तिचं माप, यकृताचा कोणता भाग, जवळची शीर आणि पोटात पाणी आहे की नाही एवढं लिहिलेलं असेल, तर रुग्ण कराडला किंवा मिरजेला पोचण्याआधीच निम्मा निर्णय झालेला असतो.