मधल्या प्रदेशातले भय

'गुप्तरोग' हा शब्द ज्याने मराठीत रूढ केला, त्याचे लक्ष रोगापेक्षा रोग्याच्या वर्तनाकडे अधिक असावे. रोग काही गुप्त नसतो. पुष्कळदा तो त्वचेवर उघडउघड उमटतो. लपवतो तो माणूस. त्याआधीचे 'गरमी' आणि 'परमा' हे शब्द रांगडे खरे, पण त्यांत ही लपवाछपवी नव्हती. त्याहून जुना शब्द 'फिरंग'. सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाशा'त हा रोग नोंदवला तो पोर्तुगीजांच्या नावे. (इटालियन लोक त्यालाच फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. आपल्या दारातला कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटण्याची रीत सार्वत्रिक दिसते.) आम्हांला त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. कारण सांगताना भावमिश्र फिरंगी देहाचा अंगसंसर्ग आणि फिरंगी स्त्रीशी प्रसंग, असे दोन वेगळे शब्द योजतो. ही छंदाची सोयही असेल. पण नुसता अंगाला अंग लागणे आणि 'प्रसंग' या दोहोंतला फरक त्याच्या भाषेत मांडता येत होता, एवढे खरे.

आजच्या मराठीत तो मांडता येतो का? आम्ही दोघे गेली अठरा-वीस वर्षे एकाच विभागात मराठी शिकवतो आणि शृंगाररसाची उदाहरणे देताना आमची कधी अडचण झालेली नाही. मात्र हात हातात घेण्यापासून संभोगापर्यंतचा जो विस्तीर्ण मधला प्रदेश आहे, त्यातल्या बहुतेक गोष्टींना आमच्याकडे एक तर शिवी आहे किंवा कोशातला संस्कृत शब्द. आपसांत बोलण्याजोगा शब्द नाही. तरुण मुले बहुतांशी त्याच प्रदेशात वावरतात आणि तिथे कोणती भीती खरी, कोणती खोटी, हे विचारायचे तर वाक्यच तयार होत नाही.

गेल्या वर्षी टी. वाय.चा एक विद्यार्थी आमच्यापैकी एकाकडे आला. "सर, माझ्या मित्राला एक विचारायचंय," अशी सुरुवात झाली तेव्हाच मित्र कोण ते कळले. मैत्रिणीशी जवळीक झाली होती. दोघांच्याही अंगावर कपडे होते. चुंबन आणि आलिंगन यांपलीकडे काही घडले नव्हते. तरी एच.आय.व्ही. झाला असणार या धास्तीने त्याने तीन महिन्यांत तीनदा रक्त तपासून घेतले होते. तिन्ही वेळा अहवाल निर्दोष. आता चौथ्यांदा तपासणी करायची म्हणत होता. रात्र रात्र फोनवर लक्षणे वाचायची, सकाळी आरशात जीभ पाहायची, असे चालले होते. वजन उतरले होते, आणि ते उतरले याचीही त्याला भीती वाटत होती.

त्याच सुमारास एम. ए.ची एक विद्यार्थिनी आमच्यापैकी दुसरीकडे आली. तिची गोष्ट उलटी होती. नाजूक जागी दुखरे फोड आले म्हणून ती एका दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर दुसरा, "संबंध?" तेही नाही म्हटल्यावर उष्णतेचे फोड म्हणून मलम देऊन तिला वाटेला लावले. तपासलेसुद्धा नाही. मुलगी खोटे बोलली नव्हती. ज्याला 'संबंध' म्हणतात ते खरोखरच घडले नव्हते. जे घडले होते ते कुणी विचारले नव्हते.

म्हणजे जिथे धोका नव्हता तिथे एक जण वाळत चालला होता आणि जिथे होता तिथे दुसरीला बिनधास्त राहायला सांगितले गेले होते. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत होती: सगळे काही त्या एका क्रियेवर ठरते. वस्तुतः प्रत्येक जंतूची वाट निराळी. एच.आय.व्ही.ला रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदाशयातील स्राव किंवा आईचे दूध असे वाहन लागते आणि आत शिरायला श्लेष्मल त्वचा किंवा उघडी जखम लागते. धड त्वचेतून तो शिरत नाही. लाळेतून, घामातून, कपड्यांवरून पसरत नाही. नागीणवर्गातल्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूला मात्र असले वाहन लागत नाही. त्वचेला त्वचा किंवा ओठ लागले तरी पुरते, आणि फोड दिसत नसतानाही तो पसरू शकतो. त्याचा पहिला प्रकार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या शरीरात आहे. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, कुणा मावशी-आत्याच्या पाप्यातूनसुद्धा. ओठांवर तापानंतर 'जर उतरतो' म्हणतात तो हाच. मुखमैथुनातून तोच खाली जातो, इतकेच. त्या मुलीला हेच झाले होते.

एच.पी.व्ही.ही त्वचेच्या घर्षणाने पसरतो. निरोध झाकतो तेवढ्याच जागेचे रक्षण करतो, त्यामुळे या दोन विषाणूंपुरता तो धोका कमी करतो, संपवत नाही. बहुतेकांच्या शरीरातून एच.पी.व्ही. वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्यांच्यातल्या काहींना पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, आणि त्यातला सुमारे 70 टक्के वाटा 16 आणि 18 या दोनच प्रकारांचा आहे. या शोधासाठी हाराल्ड त्सुर हाउजेन यांना 2008 साली नोबेल मिळाले. लस तर 2006 पासूनच आहे, आणि 2023 साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही आली. फिरंगाचे, म्हणजे सिफिलिसचे, पहिले क्षत दुखत नाही, म्हणून कळत नाही. ते ओठावर असेल तर चुंबनही पुरते. संसर्गानंतर 10 ते 90 दिवसांत ते उठते आणि उपचार न करताही भरून येते. रोग बरा झाला असे वाटते ते इथेच. पेनिसिलिनने तो आजही बरा होतो. परमा घशातही राहतो, बहुधा निमूटपणे. खरूज आणि जांघेतल्या उवा यांना तर फक्त शेजार हवा.

हे सारे मराठीत लिहिणे अशक्य नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि 'गुप्तरोगांपासून बचाव' या नावाचे पुस्तकही लिहिले. ते गणिताचे प्राध्यापक. गृहीत काय आणि सिद्ध काय हे वेगळे ठेवण्याची सवय त्यांच्या गद्याला होती. मराठीच्या अभ्यासक्रमांत त्यांचे नाव येते ते बहुधा खटल्यांपुरते आणि विल्सन महाविद्यालयातली नोकरी सोडावी लागली त्या प्रसंगापुरते. त्यांच्या गद्यशैलीवर प्रश्न आलेला आम्ही तरी पाहिलेला नाही. तो यायला हवा, असे आमचे मत आहे.

मुलीला आम्ही जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी लग्नाचे विचारलेच नाही. "कुठे कुठे स्पर्श झाला होता, आणि कशाचा?" एवढाच प्रश्न. ती म्हणाली, प्रश्न ऐकून लाज वाटायची ती उलट कमी झाली. असायक्लोव्हिरच्या गोळ्या मिळाल्या. विषाणू शरीरात राहील, मधूनमधून उठेल, फोड असताना जवळीक टाळावी, हेही सांगितले. परत आल्यावर तिने आम्हांला विचारले, "मॅडम, याला मराठीत काय म्हणायचं?" 'नागीण' म्हणावे तर तो दुसऱ्याच विषाणूचा, कांजिण्यांच्या, आजार, शिवाय नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस जातो ही समजूत त्या शब्दाला चिकटलेली. आम्ही 'हर्पिस'च म्हण असे सांगितले.

मुलाला आम्ही 1097 हा मोफत दूरध्वनी क्रमांक दिला. समुपदेशकाने त्याला शांतपणे सांगितले की, त्याने सांगितलेल्या गोष्टीतून एच.आय.व्ही. होण्याची वाटच नाही. शिवाय प्रयोगशाळेतली आजची चाचणी संसर्ग झाल्यावर बहुधा 18 ते 45 दिवसांतच तो पकडते, तेव्हा तीन महिन्यांनंतरचा निर्दोष अहवाल पुरेसा आहे. आता त्याला झोपेसाठी आणि मनासाठी डॉक्टर पाहायला हवा, असेही सुचवले. हे मात्र त्याला आवडले नाही. दोन आठवडे तो वर्गात आला नाही. मग आला, मागच्या बाकावर बसला. चौथी चाचणी केली नाही म्हणाला; निदान आम्हांला तरी तसे सांगितले.