अठरा-शहात्तर

"काय हुडकायलाव?"

बांधावर एक म्हातारे बाबा उभे होते. धोतर, डोक्याला मफलर, हातात विळा. त्यांच्या शाळूच्या रानात दादा दहा मिनिटं झाली फोन छातीसमोर धरून एक पाऊल पुढे, अर्धं डावीकडे, परत मागे असा चालला होता. मी कडेला उभी राहून त्याचा व्हिडिओ काढत होते. लांबून बघणाऱ्याला आम्ही दोघं कसे दिसत असू, हा विचार तोवर माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

आता काय सांगणार? की बाबा, तुमच्या ज्वारीत १८ अंश उत्तर अक्षांश आणि ७६ अंश पूर्व रेखांश एकमेकांना छेदतात आणि ते बघायला हा माणूस सिएटलहून आलाय?

"काही नाही बाबा," मी म्हणाले, "तुळजापूरला दर्शनाला चाललो होतो."

अर्धं खरं होतं.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. नऊ वर्षं अमेरिकेत आहे आणि त्याला जिओकॅशिंगचा नाद आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी एक डबा कुठंतरी लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथं परत ठेवायचा. बस, एवढंच. बक्षीस नाही, पैसे नाहीत. डब्यात बहुतेक वेळा किचेन, गोट्या आणि ओली झालेली वही असते.

हे सुरू झालं त्याची तारीख पक्की सांगता येते. अमेरिकन सरकार नागरिकांसाठीच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालून ठेवायचं. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयानं ती चूक काढून टाकली आणि जगभरचे रिसीव्हर एका रात्रीत कित्येक पट अचूक झाले. ३ मेला डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ऑरेगॉनमध्ये रस्त्याकडेला एक काळी बादली ठेवली. आत पुस्तकं, व्हिडिओ, थोडे पैसे, एक गलोल, शिवाय बीन्सचा एक डबा. आकडे त्यानं इंटरनेटवर टाकले. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. आज असे तीस लाखांहून जास्त डबे जगभर आहेत. उल्मरच्या बादलीच्या जागी आता एक स्मारकपाटी आहे आणि ती बघायला लोक विमानानं येतात.

किती लांब जातात म्हणाल तर मर्यादाच नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, हायवेजवळ 'मिंगो' नावाचा कॅश आहे, मे २००० पासून चालू असलेला. त्याच्यासाठी लोक अर्धा देश गाडी चालवतात. २००८ साली रिचर्ड गॅरियट पैसे भरून अंतराळ स्थानकावर गेला आणि तिथंही एक कॅश नोंदवून आला. आणि ब्राझील. २००१ मध्ये 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या सिनेमाच्या जाहिरातीसाठी काही खास डबे लपवले होते. त्यातले अगदी मोजके उरले. एक दादाच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, तो त्यानं कधीच केला. दुसरा ब्राझीलमधल्या इंटरव्हालिस अभयारण्याच्या जंगलात. साओ पावलोपर्यंत विमान, मग कित्येक तास गाडी, मग चिखलातून चालणं.

त्या ब्राझीलवरूनच आमच्या घरात वाजलं.

झालं असं, की ज्या महिन्यात आत्याचे दोन्ही गुडघे बदलले, त्या महिन्यात दादा येऊ शकला नाही. सुट्टी मिळत नाही म्हणाला. दवाखान्यात रात्री मी थांबले, फिजिओथेरपीला बाबा न्यायचे. आत्याची काही तक्रार नव्हती. मग एके दिवशी तिच्याच शेजारी बसून मी इन्स्टाग्राम बघत होते आणि दादाची रील आली. गुडघाभर चिखल, हातात डबा, मागे जंगल. मी मूर्खासारखी म्हणाले, "आत्या, दादा बघ कुठं गेलाय!"

तिनं रील पूर्ण बघितली. मग विचारलं, "काय हाय त्या डब्यात?"

"काही नाही. वही असते. नाव लिहायचं."

"नाव लिहायला गेलाय व्हय एवढं."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. तेच जास्त वाईट होतं.

या जानेवारीत दादा आला, गड्ड्याच्या यात्रेला. आल्या आल्या त्यानं ॲप उघडून बघितलं आणि तोंड पाडलं. तिकडं त्याच्या एका उपनगरात शेकड्यांनी हिरवे ठिपके, इथं नकाशा जवळजवळ मोकळा. मला ते अजिबात विचित्र वाटलं नाही. आपण लहानपणापासून रेल्वे स्टेशनवर काय ऐकत आलो? बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. ज्या देशात टिफिनचा डबा दिसला की गर्दी मागे सरकते, तिथं पुलाखाली मुद्दाम डबा लपवायचा आणि अनोळखी माणसांनी तो हुडकत यायचं! आणि समजा लपवला, तरी कुणी भंगारात घालणार नाही याची काय हमी बे?

पण गाठत फिरण्याची हौस इथं नाही असं कुणी म्हणू नये. १३ जानेवारीला सात नंदीध्वज निघाले. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावभर स्थापन केलेल्या ६८ लिंगांना तेल लावत पूर्ण सोलापूरला फेरी. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंचच्या उंच ध्वज पेलत गल्लीबोळातून चालतात. दादा त्यांच्या मागे शेवटपर्यंत चालला. रात्री पाय शेकत म्हणाला, "अडुसष्टची सिरीज आहे ही. एका दिवसात!" आत्या स्वयंपाकघरातून ऐकत होती. हसली असावी. मला तरी तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं अठरा-शहात्तर शोधून काढलं. जिओकॅशिंगच्याही आधीचा एक खेळ आहे. १९९६ मध्ये ॲलेक्स जॅरेट नावाच्या अमेरिकन माणसानं तो सुरू केला. जिथं अक्षांश आणि रेखांश दोन्ही पूर्ण अंशात येतात, त्या बिंदूवर जायचं, चारी दिशांचे फोटो काढायचे, काय दिसलं ते लिहायचं. डबा लपवलेला नाही, कुणाची परवानगी नाही, पृथ्वीवर असे बिंदू आपोआप आखलेलेच आहेत. कुठंही राहा, एखादा तुमच्यापासून ऐंशी किलोमीटरच्या आत असतो. सोलापूरचा निघाला सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर, तुळजापूरच्या पश्चिमेला. आजवर कोण कोण तिथं जाऊन आलं याच्याशी दादाला देणंघेणं नव्हतं. त्याला फोनवर शून्यं बघायची होती.

"तुळजापूरकडं चाललाय तर कुंकू आणा," आत्या म्हणाली.

बाबांची स्प्लेंडर मी चालवत होते, दादा मागे. हा रस्ता आत्याचा आहे. कोजागरीला सोलापुरातून लोक चालत तुळजापूरला निघतात. कर्नाटकातूनही येतात, रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला असतो, जागोजागी चहा, केळी, पायाला लावायला तेल. आत्या अकरा वर्षं सलग गेली. अनवाणी, पंचेचाळीस किलोमीटर. गुडघे गेले तेव्हा थांबली. गुडघे त्यामुळंच गेले असं बाबा म्हणतात, पण तिच्यासमोर नाही. मी हे गाडीवर दादाला ओरडून सांगत होते. तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अकरा? मला पाच-सहा वाटत होतं."

डांबरी सोडल्यावर शेवटचे दोन किलोमीटर गाडीवाट. हवा छान होती, शाळू कमरेच्या वर आलेला, मधूनमधून हरभरा. नियमाप्रमाणे बिंदूच्या शंभर मीटर आत पोचलं तरी चालतं, म्हणजे वाटेवर उभं राहूनही भागलं असतं. पण फोनवर १७.९९९९८ दिसल्यावर दादा थांबणार होता थोडाच. पाचव्या दशांशातला एक आकडा म्हणजे जेमतेम एक मीटर, आणि फोनचा जीपीएस चार-पाच मीटर इकडंतिकडं होतच असतो. त्यामुळं माणूस नाचत राहतो. रेखांश जुळला की अक्षांश सुटतो.

तेवढ्यात ते बाबा आले.

माझ्या दर्शनाच्या उत्तरानं त्यांचं समाधान झालं नाही. "देवीची वाट तिकडं ऱ्हायली," ते म्हणाले. पलीकडून दोन तरुण पोरं येऊन उभी राहिली. त्यातल्या एकानं मोबाईल वर धरला. सर्व्हेवाले का? पवनचक्कीवाले? रस्त्यात जमीन जाणार का? एकानं दादाच्या पाठीवरच्या सॅककडं बघून विचारलं, "आत काय हाय?"

आवाज चढला नव्हता. तरी माझ्या पोटात गोळा आला आणि मला राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत, गावोगाव फिरत ते घरापासून चारशे किलोमीटरपेक्षा लांब गेले होते. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. आठवडी बाजाराचा दिवस. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावानं त्यांना मारून टाकलं. मी तेव्हा कॉलेजला होते. फिरणं हेच ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम, त्यांना अनोळखी गावात "काय हुडकायलाव" याचं पटेल असं उत्तर देता आलं नाही, किंवा दिलेलं कुणी ऐकलं नाही.

आमचं ऐकलं गेलं. का, ते मला माहीत आहे. गाडीला एमएच तेरा नंबर, माझं बोलणं याच भागातलं, सोबत बाईमाणूस, कपडे बरे. दादानं सॅक उघडून दाखवली: पाण्याची बाटली, बिस्किटं, पॉवरबँक. मग त्यानं खरंच सांगायला सुरुवात केली. फोनवर पृथ्वीचा गोळा काढला, उभ्या रेघा, आडव्या रेघा. "ही अठरावी, ही शहात्तरावी. दोन्ही पूर्ण आकड्यांच्या, म्हंजे पावकी-निमकी नाही. इतक्या जवळ अशी ही एकच जागा, आणि ती तुमच्या रानात."

बाबा बराच वेळ फोनकडं बघत राहिले.

"माझ्या रानात?"

"हो."

"कुठशी, नेमकं?"

मग शून्यं शोधायला चौघं होते. पोरांपैकी एकाचा फोन दादापेक्षा चांगला निघाला. त्याच्यावर एक क्षण सगळी शून्यं आली, आम्ही ओरडलो, स्क्रीनशॉट घेईपर्यंत गेली. बाबांनी त्या जागी विळ्यानं माती उकरून एक दगड रोवला. "उद्या कुणी आलं तर दावायला," म्हणाले. जाताना हुरडा खाऊन जा म्हणून बसवलं. आत्याला कुंकू न्यायचं जवळजवळ राहिलंच होतं. तुळजापुरात पोचेपर्यंत दिवे लागले.

रविवारी आम्ही गाडी करून आत्यालाच घेऊन निघालो. हत्तरसंग कुडल, दक्षिण सोलापूर तालुका. कूडल म्हणजे कन्नडमध्ये संगम. इथं सीना भीमेला मिळते, पलीकडं कर्नाटक. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या माहीत असलेल्या लेखांपैकी एक. तो उजेडात आणणाऱ्यांत सोलापूरचे आनंद कुंभार होते. या माणसानं आयुष्यभर जिल्ह्यातली गावं पालथी घालून देवळांच्या भिंती, पायऱ्या, शेतातले दगड वाचले. श्रीनिवास रित्तींबरोबर त्यांचं जिल्ह्यातल्या शिलालेखांवर पुस्तक आहे. ॲप नव्हतं, आकडे नव्हते. गावात कुणीतरी म्हणायचं, तिकडं एक लिहिलेला दगड आहे, की हे निघाले.

आत्या नव्या गुडघ्यांनी हळूहळू आत आली. शेजारच्या देवळातलं ३५९ मुखांचं शिवलिंग तिनं आधीच बघून घेतलं होतं आणि मुखं मोजायचा प्रयत्नही केला होता. दादानं टॉर्च वर मारला. अक्षरं झिजलेली, मला दोन-तीनच लागली.

"काय लिहिलंय?" आत्यानं विचारलं.

"शेवटी असं लिहिलंय," दादा म्हणाला, "की जो हे वाचेल तो विजयी होईल."

"हजार वर्षांमागं?"

"हजाराच्या वर."

आत्या मान वर करून बघत राहिली. मग तिचा हात दादाच्या खांद्यावर गेला. आधारासाठी असेल, फरशी वरखाली आहे तिथं.

"ब्राझीलच्या डब्यात तुझं नाव लिहिलंस का?" तिनं विचारलं.

दादानं टॉर्च खाली केला. "लिहिलं."

"अन् माझं?"

तो काहीच बोलला नाही. बाहेर नदीवर कुणीतरी मोटर चालू केली.

"बरं," ती म्हणाली, "वाचून झालं असंल तर चला. ऊन चढलंय, अन् जेवायचं राहिलंय."