दुसरा टॉर्पेडो

लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन तासांसाठी लॅपटॉप घेतला आणि मुलाने त्यावर 'सायलेंट हंटर ३' नावाचा गेम टाकला. गेम जुना, २००५ सालचा. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी, आपण तिचे कॅप्टन. अटलांटिकमध्ये ब्रिटिशांची मालवाहू जहाजे शोधायची आणि बुडवायची. मुलाला आठवड्यातच कंटाळा आला, कारण त्यात तासन्‌तास काही घडतच नाही. मला नेमके तेच आवडले. इशाची नमाज झाली, घर झोपले की मी पाणबुडी घेऊन निघायचो. (उर्दूत तिला आबदोज म्हणतात, आणि टॉर्पेडोला मराठीत पाणतीर असा छान शब्द आहे. पण खेळताना तोंडात टॉर्पेडोच येतो.)

गेममध्ये नेम संगणकाला धरू देता येतो. पण गाइडमधून उत्तरे उतरवणाऱ्या पोरांना मी वर्गात उभे करतो, मग घरी स्वतः तेच कसे करणार? म्हणून मी हाताने नेम धरायला शिकलो. मी भाषेचा शिक्षक, गणिताशी माझे दहावीनंतर बोलणे नव्हते. ते पुन्हा सुरू झाले.

पहिली गोष्ट, पाठलाग करायचा नाही. ही पाणबुडी पाण्यावर १७ नॉटने धावते, पाण्याखाली जेमतेम ७ नॉटने. म्हणून रात्री लांबून वळसा घालून जहाजाच्या पुढे जायचे, बुडी मारायची आणि त्याच्या वाटेला काटकोन करून थांबायचे. मग वेग मोजायचा. पेरिस्कोपची उभी रेघ स्थिर ठेवायची. जहाजाचे पुढचे टोक रेघेला लागल्यापासून मागचे टोक सुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. १३० मीटरचे जहाज ३२ सेकंदांत गेले, तर वेग ८ नॉट. विजेवर चालणारा टॉर्पेडो ३० नॉटने जातो, आणि तो मागे बुडबुड्यांची रेघ सोडत नाही. म्हणजे ९०० मीटर जायला त्याला साधारण एक मिनिट. त्या मिनिटात जहाज अडीचशे मीटर पुढे सरकते. तेव्हा जहाज जिकडून येते आहे त्या बाजूला पेरिस्कोप १५ अंश वळवून ठेवायचा, टॉर्पेडो सरळ नाकासमोर सोडायचा, आणि सोडायचा केव्हा, तर जहाज रेघेला लागेल तेव्हा. आज जिथे कोणी नाही तिथे नेम धरायचा. पहिल्यांदा जमले तेव्हा मी रात्री दीड वाजता एकटाच टाळी वाजवली.

दुसरी गोष्ट काटकसर. पाणबुडीत टॉर्पेडो १४. एका जहाजावर दोन-तीन एकदम सोडले तर खजिना लगेच संपतो. म्हणून मी माझी एक रीत बसवली. एकच सोडायचा, लागला की खोल जाऊन थांबायचे. जहाज बुडाले तर उत्तम. नाही बुडाले तर ते जागीच उभे असते, वेग शून्य, कोन मोजायची गरजच नाही. वर यायचे आणि दुसरा निवांत सोडायचा. मग लॉगबुकात ओळ उमटते: तारीख, वेळ, जहाजाचा प्रकार, टन. माणसांचा रकाना त्यात नाही.

या रिवाजाचा मला अभिमान होता. मुलालाही शिकवला.

मग एकदा खऱ्या पाणबुड्यांबद्दल वाचता वाचता 'तिलावा' सापडली. 'एस. एस. तिलावा' २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघाली. साडेनऊशेच्या आसपास माणसे. २३ तारखेला जपानी पाणबुडी आय-२९ ने तिला टॉर्पेडो मारला. लोक होड्यांत उतरले. जहाज लगेच बुडत नाही असे पाहून काही जण परत वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो लागला. २८० माणसे गेली. उरलेल्यांना ब्रिटिश युद्धनौका 'बर्मिंगहॅम'ने आणि 'कार्थेज' जहाजाने उचलले.

परत वर चढले. या दोन शब्दांवर मी किती वेळ थांबलो ते सांगता येत नाही. माझ्या गेममध्ये मी खोल जाऊन थांबतो, त्या वेळात वर काय होत असेल हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पडायला हवा होता, आणि मला तर सगळ्यांच्या आधी.

कारण अम्मीचे दादा बोटीवर होते. आमच्या कोकणात हे वाक्य कोणत्याही मुसलमान मोहल्ल्यात म्हणा, समोरचा म्हणेल, आमचेही. त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर दर चार खलाशांमागे साधारण एक हिंदुस्थानी असे. रत्नागिरीकडचे डेकवर, गोव्याचे भटारखान्यात आणि सलूनमध्ये, पंजाबी आणि पठाण खाली कोळशापाशी. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या हिश्श्याएवढा, कधी त्याहूनही कमी. युद्धात त्यातले सहा हजारांहून अधिक मेले. मी ज्या जहाजांचे टन मोजत होतो, त्यांच्या डेकवर सारंग आणि तांडेल आमचेच होते.

अम्मीच्या दादांची बोट कुठे बुडाली, घरात कोणाला माहीत नाही. बोटीचे नावसुद्धा दोन जण दोन सांगतात. माहीत आहे ते एवढेच की पाणबुडीने मारली, आणि कंपनीचे पत्र सात महिन्यांनी आले. पत्रात तारीख होती, ठिकाण नव्हते. मौलवीसाहेबांनी तारीख वाचून दादीला सांगितले की नवऱ्याच्या मृत्यूची इद्दत चार महिने दहा दिवस, आणि ती मोजायची मृत्यूच्या दिवसापासून, खबर मिळाल्या दिवसापासून नाही. म्हणजे तुमची इद्दत संपली. बाई त्या सात महिन्यांत बांगड्या भरून दोन लग्नांना जाऊन आली होती.

मसला बरोबरच आहे, मी नंतर विचारून घेतला. पण दादीने ऐकले नाही. त्या दिवसापासून ती चार महिने दहा दिवस घरात बसली. कोणी समजवायला आले की म्हणायची, तुमचे मोजून झाले असेल, माझे नाही झाले. जुम्म्याला मशिदीत गायबाना जनाज्याची नमाज झाली. आम्ही शाफई, आमच्यात ती पढतात. बुडून मेलेला शहीद, ही हदीसही तिला सांगितली गेली असणार. अम्मीच्या आठवणीत मात्र दादी मासळी आली की आधी वास घेऊन बाजूला व्हायची. तिने मरेपर्यंत समुद्राची मासळी खाल्ली नाही. कोकणात राहून.

गेम मी सोडला नाही, हेही सांगून टाकतो. आठवड्यातून एखाद्या रात्री अजून खेळतो. १५ अंशांचा हिशोब अजून आवडतो. फक्त पहिला टॉर्पेडो लागला की खोल जात नाही. पेरिस्कोप वर ठेवून बघत बसतो. दिसत काहीच नाही, मूळ गेममध्ये पाण्यात माणसे काढलेलीच नाहीत. मुलगा मागून म्हणतो, अब्बा, सोडा ना दुसरा, थांबलंय ते. कधी सोडतो, कधी नाही.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. युद्धात गेलेल्या हिंदुस्थानी खलाशांच्या नावांची नोंदवही तिथे ठेवली जाते. मे महिन्याच्या सुट्टीत जायचे ठरवले आणि अम्मीला फोन केला, दादांचे पूर्ण नाव काय? घरात सगळे त्यांना बोटवाले दादाच म्हणत. ती बराच वेळ गप्प राहिली, मग मामूंना विचारून सांगते म्हणाली. दुसऱ्या दिवशी नाव आले, वडिलांच्या नावासकट. इंग्रज कारकुनाने ते कसे लिहिले असेल याचा अंदाज करत मी वहीत त्याची पाच स्पेलिंगे लिहून ठेवली आहेत.