विंचवाचें बिऱ्हाड

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्याकडे म्हणतात. ज्या कोणीं हें प्रथम म्हटलें त्याच्यावर जुनी कॅम्परव्हॅन विकत घेऊन ती राहण्याजोगी करण्याचा प्रसंग आला नसावा; नाहीं तर म्हणीला तिसरें शेपूट खास फुटलें असतें. साधें घर निदान एका जागीं उभें असतें. या घरानें खड्ड्यांतून धावावयाचें, चढावर दम धरावयाचा, रात्रभर पावसांत भिजावयाचें, आणि मुक्कामाला पोंचतांच स्वयंपाकघर, शेजघर आणि न्हाणीघर यांचीं सोंगें एकामागून एक आणावयाचीं!

हौसेखातर चाकांवर बिऱ्हाड थाटण्याची चाल इंग्लंडांत जुनी आहे. आरमारांत डॉक्टर असलेले आणि पुढें मुलांसाठीं गोष्टी लिहून नांवारूपास आलेले गॉर्डन स्टेबल्स यांनीं १८८५ सालीं 'वाँडरर' नांवाची घोड्यांची गाडी मुद्दाम बांधवून घेतली आणि तींत राहून ते थेट स्कॉटलंडपर्यंत गेले. गाडीचें वजन सुमारें दोन टन, लांकूडकाम महोगनीचें, दिमतीस गाडीवान, आणि शिवाय पुढें जाऊन रस्त्याची वर्दी देण्यासाठीं तीनचाकी सायकलीवर बसलेला एक नोकर! जे जिप्सी पिढ्यान्‌पिढ्या अशा गाड्यांत संसार करीत आले त्यांना गांवोगांवचे लोक हुसकून लावीत. त्यांच्याच गाडीला महोगनी लावून आलेल्या या गृहस्थाचें मात्र कौतुक होई. बिऱ्हाड पाठीवर असणें हें दारिद्र्य कीं रसिकता, हें बहुधा पाठ कोणाची आहे यावरून ठरत असावें. नोकर-गाडीवान नसलेल्या माणसाच्या आवांक्यांत ही हौस येण्यास मोटारीची वाट पाहावी लागली. बेन पोन या डच व्यापाऱ्यानें १९४७ सालीं आपल्या वहींत पेटीसारख्या एका गाडीचें रेखाटन केलें. १९५० सालीं फोक्सवागनच्या कारखान्यांत ती तयार होऊं लागली. आणि पुढच्याच वर्षीं वेस्टफालिया कंपनीनें तींत निजण्याबसण्याची सोय करून देणारें सामान विकावयास काढलें. आज रस्त्यांवर दिसणाऱ्या असंख्य बिऱ्हाडगाड्या हा त्याच पेटीचा वंशविस्तार.

आम्ही या फंदांत केवळ हौसेनें पडलों असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या मातोश्री दर उन्हाळ्यांत पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडांत येतात. वय एकुणऐंशी, दोन्ही गुडघे रुसलेले, आणि आहार असा कीं हॉटेलांत त्यांच्या वांट्यास बटाटे तेवढे यावे. परंतु खरी अडचण याहून मोठी, आणि ती त्या कधीं बोलून दाखवीत नसत. दर तास-दीड तासानें त्यांना उठावें लागतें, आणि वाटेंत सोय कोठें होईल याचा भरंवसा नसतो. म्हणून सहलीच्या आदल्या संध्याकाळपासून त्या पाणी पिणेंच सोडीत. पुढें पुढें तर, "तुम्ही जा, मी घरींच बरी," एवढ्या एका वाक्यावर त्या विषय मिटवूं लागल्या. मग घरांतलें कोणी तरी त्यांच्या सोबतीस मागें राही, आणि उरलेलें कुटुंब चोरासारखें सहलीस निघे. म्हातारपणीं माणसाचें जग आकसत जातें असें म्हणतात. आमच्या डोळ्यांदेखत तें एका शौचकूपाभोंवतीं आकसत चाललें होतें. हें लिहितांना संकोच वाटतो, पण या लेखाचा सारा विषयच तो आहे.

जुनी गाडी घेतांना इंजिन मागाहून पाहावें, आधीं तळ पाहावा, असा सल्ला आम्हांस एका जाणत्यानें दिला होता. इंजिन बदलतां येतें. सांगाडाच गंजला तर सगळें संपलें. त्याप्रमाणें चिखलांत उताणें पडून आम्हीं पेचकसाच्या मुठीनें सारा तळ ठोकून पाहिला. मागच्या चाकावर एके ठिकाणीं पत्रा पापडासारखा मोडला. मालकाचा चेहरा पडला, त्याबरोबर किंमतही पडली, आणि वीस वर्षांची ती गाडी आमची झाली. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडण्याचें काम कसबी माणसाकडे दिलें. बाकीचें आम्हीं हातीं घेतलें.

भुशाच्या फळ्यांचीं कपाटें ओल पिऊन फुगलीं होतीं, तीं काढलीं. गालिचा काढला. छताचें अस्तर काढलें तेव्हां आंत काळ्या बुरशीचा नकाशाच उमटलेला दिसला. गळती शोधणें हा स्वतंत्र शास्त्राचा विषय आहे. पाणी जेथें शिरतें तेथें डाग पडत नाहीं. तें पत्र्याच्या कण्यावरून वाहत जाऊन तीन हात पलीकडे टपकतें. तेव्हां एकानें विजेरी घेऊन आंत बसावें आणि दुसऱ्यानें शिडीवर चढून तांब्यानें थोडथोडें पाणी ओतीत जावें, हाच उपाय. आमच्या चिरंजीवांनीं हें अभिषेकाचें काम दोन रविवार मोठ्या निष्ठेनें केलें, आणि छताच्या खिडकीचें वाळून तडकलेलें रबर हें मूळ कारण सांपडलें.

गळती थांबली म्हणजे ओल गेली असें नव्हे. चार माणसें रात्रभर श्वास सोडतात, त्यांतून प्रत्येकीं पेलाभर तरी पाणी हवेंत जातें, आणि तें थंड पत्र्यावर दंवासारखें जमतें. घरांच्या भिंतींत भरतात तो कांचेचा कापूस येथें कामाचा नाहीं. तो पाणी धरून ठेवतो आणि पत्र्याला आंतून कुजवितो. बंद छिद्रांचा फेस पत्र्याला अगदीं घट्ट चिकटवावा लागतो, मध्यें हवेला जागा राहूं द्यावयाची नाहीं, आणि इतकें करून छताला व तळाला झरोके ठेवावयाचे ते ठेवावयाचेच. "एवढी ऊब राखतां आणि मग भोकें कशाला पाडतां?" असें मातोश्रींनीं पुण्याहून व्हिडिओवर विचारलें. त्यांचा त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच होता: फोडणी कोठें द्यावयाची?

या प्रश्नानें आमचे तीन आठवडे खाल्ले. विजेची शेगडी स्वच्छ खरी. पण हिशेब मांडून पाहा. बारा व्होल्टांच्या, शंभर अँपियर-तासांच्या शिशाच्या बॅटरींत बाराशें वॅट-तास वीज असते, आणि बॅटरी टिकावी असें वाटत असेल तर त्यांतली निम्मीच वापरावयाची. दोन हजार वॅटांची शेगडी ती अठरा मिनिटांत संपविते. अठरा मिनिटांत वरणाचा कुकर होईल. पण मग रात्रीं दिवा नाहीं, पाण्याचा पंप नाहीं, शीतकपाट नाहीं. म्हणजे गॅसच हवा. त्यांतही ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप धरीनासा होतो, आणि प्रोपेन उणें बेचाळिसापर्यंत साथ देतो. थंड देशांत निवड सोपी आहे. दोन्ही हवेहून जड, म्हणून टाकीचें कपाट आंतल्या बाजूनें पूर्ण बंद, आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारें भोक.

खरी धास्ती निराळीच. बंद जागेंत ज्योत नीट जळली नाहीं तर कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेल्या माणसाला तो जागें होऊं देत नाहीं. गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे असा दाखला देणारी वार्षिक सरकारी तपासणी ब्रेक आणि गंज पाहते. आंतल्या शेगडीकडे ती पाहत नाहीं. तेव्हां नळीचें काम परवानाधारक माणसाकडून करविलें, धोक्याची सूचना देणारें यंत्र उशाच्या उंचीवर बसविलें, आणि निजतांना ज्योतीवर चालणारी कोणतीही ऊब नको असें ठरविलें. गोधड्या आहेत, गरम पाण्याच्या पिशव्या आहेत. फोडणीचा निकाल असा लागला कीं, शेगडी सरकत्या दाराशीं, घडी उलगडून बाहेर काढतां येईल अशी बसवावी. हिंगाचा वास गाद्यांत एकदां शिरला कीं गाडी विकेपर्यंत जात नाहीं, हें कारण आम्हीं सांगितलें. "विकावयाची कशाला?" असें उत्तर आलें.

न्हाणीच्या जागीं कपड्यांचें मोठें कपाट करावें असें गाडी पाहावयास येणारा प्रत्येक जण सुचवी. आम्हीं कपडे पिशव्यांत ठेवले. शौचपात्र, दोन्ही बाजूंस धरावयाच्या दांड्या, आणि आंतून लावतां येईल अशी कडी, एवढी ती अडीच हातांची खोली. पण सर्वांत जास्त मापें आम्हीं तिचींच घेतलीं. निजण्याच्या फळीची उंची मातोश्रींनीं आपल्या पुण्याच्या पलंगावरून विंतीनें मोजून कळविली: अडीच वीत. दाराखालीं रुंद पायरी केली, म्हणजे एकदम उंच चढावयास नको. प्रवासांत बसण्याची त्यांची जागा पुढें तोंड करून, पट्ट्याची. आडव्या बाकावर धावत्या गाडींत कोणीं बसूं नये याविषयीं आम्ही कडक आहोंत.

जून महिन्यांत आम्ही नॉर्थंबरलंडच्या किनाऱ्यावर गेलों. तेथें लिंडिसफार्न नांवाचें बेट आहे. ७९३ सालीं व्हायकिंगांनीं तेथील मठ लुटला होता. बेटाकडे जाणारा रस्ता भरतीच्या वेळीं पाण्याखालीं जातो, आणि आम्ही पोंचलों तेव्हां तो गेलेलाच होता. आमच्या मागेंपुढें थांबलेल्या मोटारींतले लोक घड्याळें पाहूं लागले. मातोश्रींनीं दांडी धरून, आपल्या आपण, पायरी उतरून समुद्र पाहिला. मग दाराशीं शेगडी ओढून पोहे केले. कढीपत्ता पुण्याहून वाळवून आणलेला होता. शेजारच्या मोटारींतलें एक वृद्ध जोडपें वासानें खालीं उतरलें, त्यांनाही बशा दिल्या. त्या बाईंनीं गाडी आंतून पाहण्याची इच्छा दर्शविली, तेव्हां मातोश्रींनीं त्यांना शेगडी दाखविली नाहीं कीं गाद्या दाखविल्या नाहींत. सरळ त्या छोट्या खोलीचें दार उघडून दाखविलें. दोघींची भाषा निराळी, पण त्या बाईंनीं मान हलविली ती पुष्कळ वेळ.

मग चहा झाला. मातोश्रींनीं आपला कप संपविला, किटली हालवून आंत किती उरला आहे तें पाहिलें, आणि आणखी एक कप ओतून घेतला. भरती ओसरावयास अजून दोन तास होते.