बदाम क्रोसाँ आणि शिळी भाकरी

बदाम क्रोसाँ हा फ्रेंच पदार्थ मुळात शिळ्या पावाचा आहे. फ्रान्समधील बेकऱ्यांत आदल्या दिवशीचे जे क्रोसाँ विकले जात नाहीत, ते दुसऱ्या दिवशी आडवे चिरून साखरेच्या पाकात बुडवतात, पोटात बदामाचे सारण भरतात, वर बदामाचे काप पेरतात आणि पुन्हा भट्टीत घालतात. असा पाव साध्या क्रोसाँपेक्षा महाग विकला जातो आणि लोक तो आवडीने घेतात. त्याचे शिळेपण कोणी लपवीत नाही. किंबहुना ताजा क्रोसाँ या कामी निरुपयोगी ठरतो, कारण पाकात पडताच तो लिबलिबीत होतो. एक रात्र उघडा राहून वाळलेलाच हवा.

स्मरणिकेत पाककृती कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्ही आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि शिळ्या भाकरीचा इतिहास ज्या समाजाच्या वाट्याला आला त्या समाजात जन्मलो, एवढे कारण पुरेसे व्हावे.

गेली काही वर्षे आम्ही घरी क्रोसाँ करतो, तेही हिवाळ्यातच, कारण हा सारा खेळ थंड लोण्याचा आहे. 500 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम साखर, 10 ग्रॅम मीठ आणि यीस्ट एकत्र करून थंड दुधापाण्यात भिजवायचे आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे. सकाळी 250 ग्रॅम बिनमिठाच्या लोण्याची चौकोनी वडी थापून ती लाटलेल्या मैद्यात पाकिटासारखी बंद करायची. मग लांबट लाटून तीन पदरी घडी घालायची आणि अर्धा तास पुन्हा थंड करायची. असे तीनदा केले की आत लोण्याचे 27 पदर होतात. चिरोट्यांना साटा लावणाऱ्या सुगरणींना यात नवे काही वाटणार नाही. लोणी फार कडक असेल तर लाटताना त्याचे तुकडे पडतात. मऊ झाले तर ते मैद्यात मुरते आणि पदर नाहीसे होतात. दोहोंच्या मधली ती वेळ बोटांनाच कळते. भट्टीत गेल्यावर लोण्यातील पाण्याची वाफ होते आणि ती पदर उचलून धरते.

त्रिकोण कापून, गुंडाळून, दोन तास फुगू द्यायचे आणि 200 अंशांवर सोनेरी होईपर्यंत भाजायचे. बारा होतात. त्यांतले सहा त्याच दिवशी संपतात आणि सहा आम्ही फडक्याखाली मुद्दाम ठेवतो.

दुसऱ्या दिवशीचे काम सोपे आहे. बदाम दहा मिनिटे कढत पाण्यात ठेवले की साल बोटाने निघते. ते पूर्ण वाळवून मिक्सरमध्ये थांबत थांबत दळावेत. सलग दळल्यास तेल सुटते. 100 ग्रॅम बदामाची पूड, तेवढेच लोणी, तेवढीच पिठीसाखर आणि दोन अंडी हे झाले सारण. वजने जवळजवळ सारखी असल्याने प्रमाण लक्षात ठेवावे लागत नाही. भरून 180 अंशांवर पंधरा-वीस मिनिटे भाजले की झाले.

क्रोसाँच्या जन्माची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. 1683 मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, तो फसल्यावर तेथील पाववाल्यांनी शत्रूच्या ध्वजावरील चंद्रकोरीचा पाव केला, अशी ती गोष्ट. तिला समकालीन पुरावा नाही, आणि किपफर्ल नावाचा चंद्रकोरी पाव ऑस्ट्रियात त्याआधीही होता. तो पॅरिसमध्ये लोकप्रिय केला आउगुस्ट त्सांग या ऑस्ट्रियन माणसाने, 1838 च्या सुमारास तेथे बेकरी काढून. पदर सुटणारा आजचा क्रोसाँ तर विसाव्या शतकातला. पाव नसेल तर केक खा, हे मारी आंत्वानेतच्या नावावर खपणारे वाक्यही असेच. रूसोने ते एका अनाम राजकन्येच्या तोंडी घातले, तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियातच वाढत असलेली लहान मुलगी होती. आणि मूळ शब्द केक नसून ब्रिओश आहे, म्हणजे लोणी-अंड्यांचा पाव. दंतकथा आणि पुरावा यांतील भेद वर्गात समजावताना हे दोन दाखले आम्हांला नेहमी उपयोगी पडले.

पुरावा आहे तो भुकेचा. 5 ऑक्टोबर 1789 रोजी पॅरिसच्या स्त्रिया पाव मागत सुमारे वीस किलोमीटर चालत व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला कुटुंबासह पॅरिसला घेऊन आल्या. पाववाला, पाववाली आणि त्यांचा पोरगा घेऊन आलो, असे त्या म्हणत. पुढे नोव्हेंबर 1793 मध्ये पॅरिसच्या नगरशासनाने हुकूम काढला की श्रीमंतासाठी सपिटाचा आणि गरिबासाठी कोंड्याचा, असे दोन पाव यापुढे भाजायचे नाहीत. सर्वांना एकच पाव, समतेचा पाव. धान्यटंचाई हेही त्याचे कारण होते, आणि तो प्रयोग टिकला नाही. तरीही पावावरची उतरंड कायद्याने मोडावी असे एका शहराला वाटले, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्याकडे कायद्यानेच ती उतरंड उभी केली होती. शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत, हे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. म्हणून 19 व 20 मार्च 1927 च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबर शिळ्या-उष्ट्या तुकड्यांचा त्याग करण्यास सांगितले. त्याच वर्षी 25 डिसेंबरला तेथेच मनुस्मृती जाळण्यात आली. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी महाडच्या सभेची तुलना व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती. पुढे 1954 मध्ये आकाशवाणीवरून त्यांनी हेही निक्षून सांगितले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून तथागतांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत.

आपल्या वसतिगृहात रात्रीच्या उरलेल्या भाकऱ्यांचा सकाळी कांदा-मिरची घालून कुस्करा होत असे, हे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. अधीक्षक सरही त्याच पंगतीत बसून तोच खात. त्या कुस्कऱ्याची आम्हांला कधी लाज वाटली नाही. लहानपणी तसे का, हे कळत नव्हते.

आमची आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या वडिलांकडे गावची येसकरकी होती. संध्याकाळी ते घुंगरांची काठी वाजवीत घरोघर फिरत आणि ही मुलगी टोपली घेऊन मागे चाले. टोपलीत वरून भाकरी टाकली जाई, शिवू नये म्हणून हात उंच धरून. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आजोबांनी ती काठी चुलीत घातली. तेव्हापासून दुसऱ्याच्या घरचे काहीही आले की ते कधीचे आहे आणि का दिले, हे विचारल्याखेरीज आई तोंडात घालीत नाही. शेजारणी तिला खडूस म्हणतात. म्हणोत.

पहिल्यांदा क्रोसाँ केले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने फडके उचलून पाहिले.

“ह्ये कुणी दिलं?”

“कुणी नाही दिलं, आई. आपणच केलं. काल केलं आणि आजसाठी ठेवलं.”

“मुद्दाम शिळं केलं?”

“मुद्दाम.”

ती बराच वेळ हसत राहिली. आम्ही भट्टीतून काढलेला गरम क्रोसाँ मोडून अर्धा तिच्या ताटलीत ठेवला. तो तिने चवीने खाल्ला, मग उरलेला अर्धाही मागून घेतला आणि पाकाला साखर फार झाली म्हणाली. तेव्हापासून आम्ही पाकात साखर पाऊणपटच घालतो.